रील, जाहिरात, फॉरवर्ड: वर्गमित्रांसोबत तपासणी-गट कसा सुरू करायचा

हे लिहिलंय ते गोव्यातल्या उच्च माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. आपल्याच वयाच्या मित्रांना रील, जाहिराती, बातम्या आणि व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड जरा डोळे उघडे ठेवून बघायला लावावेत असं तुमच्या मनात असेल. पण सुरुवात कुठून करायची, परवानगी कोणाकडे मागायची, आणि पहिल्याच दिवशी वर्ग जांभया देऊ लागला तर काय, हे कळत नसेल, तर पुढचं वाचा. मी अकरावीत असताना आमच्या शाळेत असा गट सुरू केला, बारावीपर्यंत चालवला, आणि आता कॉलेजात गेल्यावरही धाकट्यांच्या बैठकांना अधूनमधून जाऊन बसते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पडद्यावर दिसतं ते सगळं खरं नसतं, हे गोव्याच्या मुलांना शिकवावं लागत नाही. देशभरच्या सिनेमांत, जाहिरातींत, रीलांत गोवा म्हणून काय दाखवतात ते आपण लहानपणापासून बघतोय: किनारा, बाटली, भाड्याची स्कूटर आणि पहाटेपर्यंत नाचणारी माणसं. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांना समुद्रकिनारा लागतही नाही. तरी सत्तरीतल्या वाळपईचा मुलगा लग्नाला पुण्याला गेला की त्याला कोणीतरी विचारतंच, "काय मग, रोज बीचवर?" तो नुसता हसतो. ते हसू म्हणजेच शंका. तीच शंका त्याला प्रोटीन पावडरच्या, गोरेपणाच्या आणि 'घरबसल्या कमवा'च्या रीलबद्दलही यावी, एवढंच तुमच्या गटाचं काम.

१. आधी माणसं जमवा

तीन-चार जण पुरे. सगळे हुशार, पुढच्या बाकावरचे नकोत. बाकीच्यांना लगेच वाटतं की हा अभ्यासाचाच आणखी एक प्रकार. एक जण असा हवा जो स्वतः रील बनवतो. एडिटिंग कसं होतं, एका पंधरा सेकंदांच्या व्हिडिओसाठी किती वेळा पुन्हा शूट करावं लागतं, मागचा पसारा कॅमेऱ्याबाहेर कसा ढकलतात, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. एखादा क्रिकेटवेडा असू द्या. कला, वाणिज्य, विज्ञान, व्होकेशनल असे वेगवेगळ्या शाखांतले असतील तर उत्तम, कारण प्रत्येकाच्या फोनवर वेगळंच जग चालू असतं.

एक शिक्षक लागतोच. तो संगणकाचाच असायला हवा असं नाही. वर्गात मुलं ज्यांच्याशी भांडू शकतात असे सर किंवा टीचर शोधा. आम्हाला मराठीच्या टीचर मिळाल्या, आणि जाहिरातीतलं एकेक विशेषण खोडून उरतं काय ते बघण्याची युक्ती त्यांचीच.

नाव ठेवण्यात वेळ घालवू नका. आमचे दोन आठवडे त्यातच गेले आणि शेवटी सगळे 'शुक्रवारचा गट' असंच म्हणू लागले.

२. परवानगी, कागद आणि सामान

लागणाऱ्या गोष्टी अशा:

- प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज. त्यात गटात कोण, बैठक कधी, कुठल्या खोलीत, कुठल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि पहिल्या तीन बैठकांचे विषय.
- सोबत असणाऱ्या शिक्षकांची सही, त्याच अर्जावर.
- सहभागी मुलांच्या पालकांचं संमतीपत्र. दोन ओळींचं चालतं, पण हवंच.
- एक जाड वही, बैठकांच्या नोंदींसाठी.
- छापलेले स्क्रीनशॉट, ज्यांतली खाजगी माणसांची नावं, चेहरे आणि नंबर काळ्या स्केचपेनने झाकलेले असतील.
- आठवड्याभराची जुनी वर्तमानपत्रं, मराठी, कोंकणी, इंग्रजी मिळतील तशी. वाचनालयाला किंवा घरी तीन-तीन पेपर घेणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा.
- कात्री, डिंक, कोऱ्या चिठ्ठ्या.

अर्जाच्या भाषेत एक सापळा आहे. 'सोशल मीडियाचे दुष्परिणाम' असं चुकूनही लिहू नका. ते वाचल्यावर शाळा कोणातरी मोठ्या माणसाचं व्याख्यान ठरवते, सभागृह भरतं, पुष्पगुच्छ दिला जातो, आणि तुमचा गट तिथेच संपतो. 'बातम्या आणि जाहिराती वाचण्याचा सराव' असं लिहा. ते खरंही आहे.

दुसरं मोबाईलचं. बहुतेक शाळांत फोन आणायला बंदी असते, आणि गटासाठी सूट मागण्याचा मोह होतो. मागू नका. एक तर ती मिळत नाही, मिळाली तर बैठकीत निम्मे जण मान खाली घालून बसतात. झेरॉक्सच्या दुकानात स्क्रीनशॉट छापून आणा. कागदावर आलेली रील थांबलेली असते, तिच्याकडे बघावंच लागतं.

वेळेचं म्हणाल तर पावसाळ्यात सुरू करा आणि गणेश चवथीच्या सुट्टीआधी निदान तीन बैठका उरका. दिवाळीनंतर बारावीच्या मुलांना काहीही सुचवण्यात अर्थ नसतो.

३. पहिली बैठक: पडद्यावरचा गोवा

फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे: रील, सिनेमा, जाहिरात यांत गोवा म्हणून काय काय दिसतं. उजवीकडे: गेल्या आठ दिवसांत तुम्ही स्वतः गोव्यात काय पाहिलं.

डावा रकाना दोन मिनिटांत भरतो आणि मग अडतो, कारण त्याच त्या पाच-सहा गोष्टी. उजवा भरतच जातो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों हॉर्न, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गर्दी, कदंब बसच्या दारात लोंबकळणारे कॉलेजकुमार, ग्रामसभेतली वादावादी, नळाला न आलेलं पाणी, देवळातल्या जत्रेची वर्गणी, चर्चच्या फेस्ताआधीची साफसफाई, फुटबॉलच्या मैदानातला चिखल. आमच्याकडे एकीने 'आजीची भांडखोर शेजारीण' असं लिहिलं आणि मग फळा पुरला नाही.

आता विचारा: उजव्या रकान्यातलं डावीकडे का नाही? मुलं लगेच म्हणतात, "कोण बघणार ते?" तिथेच थांबा आणि पुढे ओढा. कोण बघणार हे कोण ठरवतं? बघितल्यावर त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे? तिकीट काढावं, हॉटेल बुक करावं, की नुसतं पुढचं रील बघावं?

या बैठकीचा धोका म्हणजे ती पर्यटकांना शिव्या देण्याच्या कार्यक्रमात बदलते. वर्गात कोणाच्या घरी खोल्या भाड्याने दिलेल्या असतात, कोणाचे वडील टॅक्सी चालवतात, कोणाची आई शॅकमध्ये स्वयंपाक करते. त्यांना बोलू द्या. 'अशा रीलमुळे आमचं घर चालतं' हेही उत्तरच आहे, आणि ते आल्यावर चर्चा जास्त खरी होते. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: रीलमधला गोवा खोटा आहे, की खरा पण अर्धा? आमच्या मते दुसरं. बहुतेक माध्यमांची अडचण हीच असते. सरळ खोटं सापडायला सोपं. अर्धं खरं गळ्याखाली सहज उतरतं.

४. चार प्रश्नांची चिठ्ठी

पहिल्या बैठकीच्या शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर चारच प्रश्न:

1. हे कोणी बनवलं, आणि पैसे कोणी दिले?
2. हे बघून मी काय करावं, किंवा मला काय वाटावं, असं त्यांना हवंय?
3. चौकटीबाहेर काय राहिलं?
4. हीच गोष्ट दुसऱ्या कोणी कशी सांगितली आहे?

दहा प्रश्नांच्या याद्या फिरतात, त्या घेऊ नका. बसस्टॉपवर उभं असताना आठवतील तेवढेच प्रश्न कामाचे.

५. दुसरी बैठक: जाहिराती

राजकारण आणि धर्म सोडून जाहिरातींपासून सुरुवात करायचं कारण साधं आहे: शॅम्पूच्या बाजूने कोणी भांडत नाही.

सुरुवातीला चिठ्ठ्या वाटा. प्रत्येकाने नाव न लिहिता दोन आकडे लिहायचे, एक ते दहामध्ये: जाहिरातींचा माझ्यावर किती परिणाम होतो, आणि वर्गातल्या बाकीच्यांवर किती. गोळा करा, फळ्यावर बेरीज करून सरासरी काढा. 'बाकीच्यांवर'चा आकडा मोठा निघतो, असं आम्ही प्रत्येक वेळी पाहिलं. डेव्हिसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली यावरच लिहिलं होतं: माणसाला वाटतं, माध्यमांना फसतात ते दुसरे. तुम्ही हे सांगायच्या आधी फळ्यावरचे आकडे सांगून मोकळे होतात. वर्गात हशा होतो आणि कोणाचाही अपमान होत नाही.

मग पेपर पसरा. पहिल्या पानावर बातमी आहे की पानभर जाहिरात? बातमीसारख्या टाइपात छापलेला मजकूर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात', असं काही सापडतंय का? सापडलं की कापून वहीत चिकटवा.

पुढे लपलेल्या जाहिराती. तंबाखूच्या जाहिरातींना २००३च्या कायद्याने बंदी आहे, टीव्हीवर दारूची जाहिरात केबलच्या नियमांनुसार चालत नाही. तरी त्या ब्रँडची नावं आपल्याला पाठ आहेत. कशी? त्याच नावाची वेलची, त्याच नावाचा सोडा. हे मुलांना स्वतः शोधू द्या, तुम्ही सांगून टाकू नका, कोणीतरी "अरे हो!" म्हणून ओरडलं की ती बैठक जमली. पणजीच्या रस्त्यांवरचे कॅसिनोचे फलकही इथेच घ्या. मांडवीतल्या त्या बोटींवर २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, पण फलक शाळेच्या बसमधून सगळ्यांनाच दिसतात. मग तो फलक आपल्याशी काय बोलतोय?

इन्फ्लुएन्सरवर जास्त वेळ द्या, कारण मुलं त्यांना जाहिरात समजत नाहीत, ओळखीचा दादा किंवा ताई समजतात. नियम माहीत करून घ्या. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली ठरवलं की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही तो लागू आहे. आता छापून आणलेल्या स्क्रीनशॉटमध्ये 'ही जाहिरात आहे' असं सांगणारी पाटी शोधायला लावा. बऱ्याचदा ती तिसाव्या हॅशटॅगमध्ये पडलेली असते, कधी नसतेच.

'टीम लावा, पैसे जिंका' छापाच्या रील आल्या तर सांगा की ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. तरीही अशी रील दिसली, तर पहिला प्रश्न दुप्पट जोराने विचारायचा.

इथे एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. अमेरिकेत टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांवर केलेला हा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नेहमीसारखं 'पौष्टिक खा' सांगितलं, काहींना खाद्य कंपन्या मुलांना कशा गळाला लावतात ते दाखवलं. दुसऱ्या गटातली मुलं नंतर कमी अरबटचरबट उचलताना दिसली. सोळाव्या वर्षी आपल्याला कोणी 'हे तुझ्या भल्याचं आहे' म्हटलं की उलट वागावंसं वाटतं. 'तुला कोणीतरी बनवतंय' म्हटलं की कान टवकारतात. म्हणून आरोग्य, करिअर, वेळेचा अपव्यय हे शब्द बैठकीत येऊ देऊ नका. ते घरी रोज ऐकायला मिळतातच.

६. तिसरी बैठक: 'उद्या शाळा बंद'

जुलैत चार दिवस सलग कोसळला की एक परिपत्रक फिरू लागतं: अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी. कधी ते खरं असतं. कधी गेल्या वर्षीचं, कधी शेजारच्या जिल्ह्याचं, कधी कोणा महाभागाने दुपारी बसून तयार केलेलं. तपासणी शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण सगळ्यांना ते खरं असावं असं मनापासून वाटत असतं. आपल्याला जे हवं असतं तेच आपण कमी तपासतो, हे इथे अंगावर येतं.

अशी दोन-तीन परिपत्रकं छापून न्या, त्यांतलं एक खरं असू द्या. पुढच्या क्रमाने चला:

*तारीख आणि खातं.* परिपत्रक क्रमांक आहे का? तारीख कुठल्या सालची? 'गोवा' कुठे लिहिलंय का, की फक्त 'जिल्हाधिकारी'? सिंधुदुर्ग आणि कारवार दोन्ही आपल्याला लागून आहेत, तिथली परिपत्रकंही इकडे येतात.

*मूळ जागा.* शिक्षण खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का? शाळेच्या अधिकृत गटात वर्गशिक्षकांनी टाकलंय का? पावसाचा इशारा असेल तर पणजीच्या हवामान वेधशाळेचं काय म्हणणं आहे? पिवळा, नारिंगी, लाल या इशाऱ्यांचा अर्थ याच निमित्ताने सगळ्यांना सांगून टाका.

*दुसरीकडे बघणं.* स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना एकच संकेतस्थळ तपासायला दिलं. प्राध्यापकही त्या पानावरच रेंगाळले, त्याची सजावट आणि भाषा बघत बसले. तपासनिसांनी मात्र पटकन नवी खिडकी उघडली आणि त्या संकेतस्थळाबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. त्यांचं उत्तर लवकर आलं आणि बरोबर आलं. ही सवय लावा: मजकुराकडे टक लावून बसायचं नाही, बाहेर पडून चौकशी करायची.

*फोटोचा माग.* गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की तो आधी कुठे आला होता ते बऱ्याचदा कळतं. पुराचे आणि अपघातांचे फोटो हमखास जुने आणि दुसरीकडचे निघतात. व्हिडिओ असेल तर एका दृश्याचा स्क्रीनशॉट घ्या.

*दोन बाण.* व्हॉट्सॲपवर एखाद्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो तेव्हा तो हातोहात बराच फिरून आलेला असतो. असा संदेश एप्रिल २०२०पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. बाण म्हणजे खोटं नव्हे, पण थांबायची खूण नक्की.

एआयने बनवलेल्या व्हिडिओंबद्दल मुलं विचारणारच. बोटं मोजा, डोळ्यांची उघडझाप बघा, असे सल्ले फिरतात. ते फार काळ टिकत नाहीत, कारण ती साधनं दर महिन्याला सुधारतात. हे पहिल्यांदा कोणी टाकलं, आणि दुसऱ्या कोणी पाहिलंय का, हे प्रश्न मात्र जुने होत नाहीत.

एका गोष्टीची काळजी घ्या. खोटा संदेश दाखवायचा असेल तर त्याच्यावर आधीच मोठ्या अक्षरात 'खोटं' लिहून छापा, आणि बैठक खऱ्या माहितीवर संपवा. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात दिसलं होतं की तेच विधान पुन्हा पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. तुम्ही खोडायला म्हणून जे तीनदा वाचून दाखवाल, तेच कोणाच्या तरी डोक्यात राहील.

७. चेहरा, रंग, अंगकाठी: इथे हळू

ही बैठक मिश्र गटात घ्यायची की मुली-मुलगे वेगळे, ते तुमच्या वर्गावरून ठरवा. आम्ही एकत्र घेतली, आणि मुलगेही याबाबतीत किती काय काय मनात घेऊन फिरतात ते तेव्हाच कळलं: खांदे, उंची, मिशी, जिममधले 'ट्रान्सफॉर्मेशन'चे फोटो.

नियम एकच आणि कडक: वर्गातल्या कोणाच्याही शरीराबद्दल एक शब्दही नाही, कौतुकाचासुद्धा नाही. बोलायचं ते प्रतिमेबद्दल. प्रकाश कुठून येतो, फिल्टर कुठला, आधीच्या आणि नंतरच्या फोटोत कॅमेरा कुठे ठेवलाय. तुमच्या रीलवाल्या मित्राला एकाच मिनिटात 'आधी' आणि 'नंतर' करून दाखवायला सांगा: पाठ वाकवून एक फोटो, दिव्याखाली ताठ उभा राहून दुसरा.

गोरेपणाच्या क्रीमचा इतिहास जरूर सांगा. देशातल्या सगळ्यात खपाच्या क्रीमने २०२० साली आपल्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव का बदललं, आणि जाहिरातीत बाकी काय बदललं, यावर वर्ग सहज अर्धा तास बोलतो.

कोणी बैठकीनंतर येऊन काही खाजगी सांगितलं, जेवण सोडलंय, कोणी फोटो मागून धमकावतंय, तर तुम्ही समुपदेशक बनू नका. ऐकून घ्या, "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, आणि तिच्यासोबत विश्वासातल्या शिक्षकांकडे किंवा शाळेच्या समुपदेशकांकडे जा. वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर लिहून ठेवा: मुलांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, ऑनलाइन आर्थिक फसवणूक आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३०.

८. राजकारण: जुन्या गोष्टीपासून सुरुवात

कधीतरी कोणीतरी निवडणुकीचा, भाषेचा नाहीतर धर्माचा व्हिडिओ घेऊन येणारच. टाळत राहिलात तर गट पोकळ वाटू लागतो, सरळ हात घातला तर घरून फोन येतात. आम्ही आडवळणाने गेलो, १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाच्या वाटेने.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यासाठी तो कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. आपल्या कामाची गंमत अशी की त्या काळात 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत' ही दोन दैनिकं दोन बाजूंना उभी होती, आणि दोन्ही मराठीत निघत होती. भाषा एक, वाचक शेजारी शेजारी, आणि रोज सकाळी दारात दोन वेगळे गोवे.

पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तिथे जुनी वर्तमानपत्रं जपलेली आहेत. शाळेचं पत्र घेऊन जा, आणि हव्या त्या तारखांचे अंक बघायला मिळतील का ते आधी चौकशी करून ठेवा. शक्य झालं तर दोन्ही पेपरांतले एकाच दिवसाचे मथळे उतरवून आणा आणि चार प्रश्न लावा. अंक मिळाले नाहीत तर घरच्या आजी-आजोबांना विचारा: तुमच्याकडे कुठला पेपर यायचा, आणि शेजाऱ्याकडे? हे उत्तरही बैठकीत वाचण्यासारखं असतं. आमच्या गटात एकाच्या घरी आजोबा दोन्ही पेपर घेत आणि दोन्हींवर चिडत, असं निघालं.

कौलाला आता जवळपास साठ वर्षं झाली, तरी मतं आहेतच. म्हणून नियम: कोण बरोबर होतं हे ठरवायचं नाही. कोणत्या पेपराने काय मोठं केलं, काय आत टाकलं, कुठला शब्द वापरला, एवढंच. हे एकदा जमलं की आजच्या दोन वाहिन्या शेजारी ठेवून तोच खेळ करता येतो.

९. हमखास पाय घसरतात त्या जागा

*मित्राला खोटं पाडणं.* कोणी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात चुकीचं काही टाकलं की तुमची बोटं शिवशिवतील. सगळ्यांसमोर 'फेक आहे' लिहू नका. त्याला वेगळा मेसेज करा: "अरे, हे कुठून आलं? मी शोधलं तर मला हे सापडलं." त्याने स्वतःच पुसलं तर बरं. सगळ्यांसमोर पडलेला माणूस बाजू बदलत नाही, घट्ट करतो.

*ओळखीच्यांच्या पोस्ट.* शाळेतल्या कोणाचंही रील उदाहरण म्हणून घ्यायचं नाही, परवानगी असली तरी.

*तपासनिसाचा ताठा.* महिनाभरात तुम्हाला वाटू लागेल की तुम्ही आता फसत नाही. चिठ्ठीवरचे ते दोन आकडे आठवा.

*'सगळंच खोटं.'* हा सगळ्यात मोठा धोका, म्हणून यावर जास्त लिहिते. तीन-चार बैठकांनंतर काही मुलं मजेत सांगू लागतात की आता आम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही, सगळे विकले गेलेत. ऐकायला हे धारदार वाटतं. प्रत्यक्षात असा मुलगा काहीच तपासत नाही, कारण उत्तर त्याच्याकडे तयार आहे. आणि कशावरच विश्वास नसलेल्या माणसाला शेवटी ओळखीच्या काकांचा ऑडिओ संदेश सगळ्यात खरा वाटतो.

म्हणून एक बैठक उलट घ्या: विश्वास कशावर, आणि का? परीक्षेच्या तारखेसाठी तू कुठे बघतोस? वादळाच्या बातमीसाठी? गावातला पूल कधी होणार यासाठी? प्रत्येक उत्तराला विचारा: त्यांनी कधी चूक केली आणि नंतर दुरुस्ती छापली का? बातमीत नाव, जागा, कागदपत्र आहे का? गावोगाव फिरून ग्रामसभांच्या बातम्या देणारा तालुका वार्ताहर शक्य असेल तर बोलवा. बातमी कशी मिळते, किती कापली जाते, कोणाचा फोन येतो, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर मुलांच्या मनात शंका आणि आदर दोन्ही एकदम येतात. आमच्याकडे आलेल्या वार्ताहरांनी चहाबरोबर तासभर गप्पा मारल्या आणि एकही उपदेश केला नाही.

१०. घरच्यांशी

मुलं विचारतात, आजी रोज सकाळी औषधी काढ्याचे फॉरवर्ड पाठवते, काय करू? आजीला शिकवायला जाऊ नका. "आजी, हे तुला कोणी पाठवलं गं? मला दाखव ना, आपण दोघं बघूया," एवढं पुरतं. तिच्या शेजारी बसून तिच्याच फोनवर शोधा. औषधाचा सल्ला असेल तर "आपण डॉक्टरांना विचारूया" म्हणा आणि खरंच विचारा. काही फॉरवर्ड नुसते 'सुप्रभात'चे असतात. त्यांना उत्तर द्या आणि सोडून द्या.

११. गट पुढे सोपवणं

बारावीचं वर्ष संपलं की गट मरतो, बहुतेक ठिकाणी हेच होतं. डिसेंबरच्या आत अकरावीतले दोघं-तिघं निवडा आणि एक बैठक पूर्ण त्यांच्या हाती द्या, तुम्ही मागच्या बाकावर बसा, मध्ये बोलू नका.

काम चाललंय की नाही हे कळायला अभिप्रायाचे अर्ज वाटू नका. सगळे 'खूप छान' लिहितात. गटात नसलेला कोणी कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारतो का, "हे बघ ना, हे खरं आहे का?", ते वहीत टिपा. आणि पुढे कधी तोच येऊन "हे मी शोधून काढलं" म्हणाला तर तेही.

सोपवताना द्यायचं ते हे: नोंदींची वही, कात्रणांची फाइल, अर्जाची आणि संमतीपत्राची कोरी प्रत, आणि कुठली बैठक फसली, कुठली जमली, याचं एक पान. फाइल कुठल्या कपाटात आहे ते टीचरना सांगून ठेवा, नाहीतर मे महिन्याच्या साफसफाईत ती रद्दीत जाते.